कोंबड्याचं पीस, लाल लोकर आणि तळ्यातली चिलापी



शेततळ्यात मासे सोडलेल्या आपल्या गटांकडून यंदा एकच तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते. "मॅडम, तळ्यात मासे लई दिसतात, पण वाढत नाहीत. सोडलं होतं कटला-रोहूचं बीज, आणि जाळ्यात येते बोटाएवढी चिलापी." तक्रार खरी आहे. तिचं पूर्ण उत्तर गळाने मिळत नाही, हे आधीच सांगून टाकते. पण थोडं मिळतं. शिवाय ते काम बायांना स्वतःच्या हातानं, जाळेवाल्याची वाट न बघता, सकाळच्या तासाभरात करता येतं. म्हणून या अंकात गळाबद्दल लिहिते आहे. तोही नेहमीचा कणकेचा गळ नव्हे, पिसाचा गळ.

आधी चिलापी म्हणजे काय ते समजून घेऊ. टिलापिया हा मूळचा आफ्रिकेतला मासा. आपल्या देशात तो १९५२ साली आणला गेला. आपल्याकडे कुणी त्याला चिलापी म्हणतं, कुणी आणखी काही. याची मादी अंडी तोंडात ठेवते. पिल्लं बाहेर पडली तरी काही दिवस धोका दिसला की ती पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. इतकी जपणूक असल्यावर पिल्लं जगणारच. त्यात गरम पाण्यात हा मासा काही महिन्यांचा झाला, अजून तळहाताएवढाही झाला नाही, तोच विणीला येतो. आणि वर्षातून एकदा नाही, अनेकदा. मग तळ्यात होतं काय, की खाणारी तोंडं वाढतात आणि खाणं तेवढंच राहतं. आपण कोंडा-पेंड टाकतो कटला-रोहूसाठी, फस्त करते चिलापी. तीही पोटभर न मिळाल्यामुळे खुरटलेलीच राहते.

ती तळ्यात येते कशी? कधी बोटुकलीत मिसळून येते, कधी कालव्याच्या पाण्यातून. बोटुकली घेताना पाटीत हात घालून नीट बघून घ्या, आणि पाणी आत घेण्याच्या पाइपच्या तोंडाला बारीक जाळी बांधा. एकदा शिरली की तिला पुरतं काढायचं म्हणजे उन्हाळ्यात तळं आटवणं हाच खरा उपाय. पण तळं दरवर्षी आटतं असं नाही, आणि प्लॅस्टिकचं तळं तर आपण पाण्यासाठीच केलेलं असतं. तोपर्यंत जितकी काढता येईल तितकी काढत राहायची.

मग पिसाचाच गळ का, असं तुम्ही विचाराल. त्याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही आपल्या तळ्यांची आहेत.

पहिलं कारण माशांच्या खाण्यात आहे. कटला वरच्या थरात राहतो आणि पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव गाळून खातो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. पाण्यावर पडलेल्या किड्याच्या मागे धावणं हा यांचा स्वभाव नाही. चिलापी मात्र मिळेल ते तोंडात घेऊन बघते. बारीक देशी मासळीही किड्यांवर तुटून पडते. म्हणजे किड्यासारखं दिसणारं काही पाण्यावर टाकलं, तर नको असलेला मासा लागतो आणि जो वाढवायचा तो सहसा लागत नाही. कणकेच्या गोळीला मात्र रोहू-मृगळ लागतात. ज्यांचं बीज विकत आणलं तेच बाहेर काढून बसायचं, हा काय धंदा?

दुसरं कारण प्लॅस्टिकचं. कणकेच्या गळाला खाली बुडवायला शिसं बांधतात. ते तळाला जातं, आणि ओढताना गळ कागदात रुततो. आपल्या अस्तराची जाडी ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर. गळाच्या टोकाला तेवढं पुरतं. भोक दिसत नाही, पण पाणी मात्र उतरायला लागतं. पिसाच्या गळाला शिसं लागतच नाही. तो पाण्यावर किंवा वरच्या वीतभर थरातच राहतो.

ही काही मी शोधून काढलेली गंमत नाही. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी एलियन नावाच्या रोमन लेखकानं लिहून ठेवलंय, की मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर गुंडाळतात, त्यावर कोंबड्याची दोन पिसं बांधतात आणि नदीतले मासे धरतात. आज इंग्रजीत याला फ्लाय फिशिंग म्हणतात. फ्लाय म्हणजे माशी, घरातली माशी असते ती. विलायतेत हा साहेबलोकांचा महागडा छंद झाला, थंड पाण्याच्या नद्यांमधल्या ट्राऊट माशासाठी. पण अमेरिकेत नवशिक्यांना बरेचदा आधी गरम पाण्याच्या तळ्यावरच बसवतात. तिथे ब्लूगिल नावाचा तळहाताएवढा मासा असतो, पीस दिसलं की धावतो. आणि बघा, त्या ब्लूगिलचीही तीच खोड आहे: तळ्यात फार झाला की सगळे खुरटतात. म्हणून तळंवाले म्हणतात, या, धरा आणि घेऊन जा.

"बायांनी कुठे गळ टाकत बसायचं?" असं घरून ऐकावं लागतं, ते मला माहीत आहे. त्यांना एवढंच सांगा, की अमेरिकेच्या मेन राज्यानं लोकांना मासेमारी-शिकारीला घेऊन जाणाऱ्या वाटाड्यांना परवाने द्यायला सुरुवात केली ती १८९७ साली, आणि पहिलाच परवाना एका बाईला दिला, कॉर्नेलिया क्रॉस्बी यांना. त्यांचं टोपणनावच फ्लाय रॉड होतं, म्हणजे माशीची काठी.

सामान

साहेबलोकांची काठी, चरखी, दोर असं सगळं घ्यायला गेलं तर गटाची बचत संपेल. त्याची गरज नाही. जपानमध्ये टेन्कारा नावाची जुनी पद्धत आहे, त्यात चरखी नसतेच. दोर सरळ काठीच्या शेंड्याला बांधतात. आपण तेच करायचं.

काठीला नऊ-दहा फुटांचा बारीक वेळू घ्या. शेंडा करंगळीपेक्षा बारीक आणि लवणारा हवा. ताजा वेळू जड असतो, तो दोन-तीन आठवडे सावलीत आडवा ठेवून वाळवा. वाकडा असेल तर चुलीच्या आचेवर शेकून सरळ करता येतो. बुडाला चिंधी गुंडाळा म्हणजे हात सोलणार नाही.

दोराची गोष्ट नीट समजून घ्या, सगळं त्याच्यावर आहे. साध्या गळात वजन गळाकडे असतं, शिसं पुढे जातं आणि दोराला ओढत नेतं. पिसाच्या गळाला वजनच नाही. कापसाचं बोंड फेकून बघा, पुढ्यातच पडतं. इथे वजन दोरात असावं लागतं, म्हणजे दोर पुढे जातो आणि पीस त्याच्यामागून जातं. म्हणून दोर काठीकडे जाड आणि गळाकडे बारीक हवा. बारीक तंगूसचे तीन पदर घेऊन त्याची तिपेडी वेणी घाला, मुलींची घालतो तशीच, सात फूट लांब. हे काम वेळखाऊ आहे. तंगूस निसटतं, एकीनं टोक धरायचं आणि दुसरीनं विणायचं. वेणीच्या शेवटी तीन फूट साधं एकपदरी तंगूस बांधा. जोडावर रंगीत लोकरीचा छोटा गोंडा लावा, तो का ते पुढे सांगते. वेणीवर मेणबत्ती घासली की ती जरा वेळ पाण्यावर राहते. एकूण दोर काठीएवढाच. लांब दोराचा मोह सुरुवातीला नकोच.

गळ दहा किंवा बारा नंबरचा घ्या. गळाचा नंबर वाढला की गळ लहान होतो, दुकानात हे लक्षात ठेवा. आणलेल्या प्रत्येक गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीनं दाबून सपाट करून टाका. यावर माझा हट्ट आहे. उलटा काटा नसला की गळ माशाच्या तोंडातून पटकन निघतो, आपल्या बोटात शिरला तरी निघतो, आणि कागदात अडकला तरी फाडत नाही. मासा निसटण्याची शक्यता थोडी वाढते, तर वाढू दे.

आता माशी बांधायची. घरात कोंबडा कापला त्या दिवशी मानेची लांब, अरुंद पिसं टाकून देऊ नका. धुऊन, सावलीत वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून डब्यात ठेवा, कीड लागत नाही. पक्कडीच्या तोंडात गळाचा बाक धरा आणि मुठींना रबरबँड घाला, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. गळाच्या डोळ्यामागून मशीनचा धागा गुंडाळत बाकापर्यंत न्या. तिथे लाल लोकरीचा एक पदर बांधा. धागा पुन्हा पुढे आणा, त्याच्यावरून लोकर गुंडाळत या आणि डोळ्याच्या थोडं अलीकडे बांधून कापा. डोळ्याजवळ गव्हाच्या दाण्याएवढी जागा मोकळी राहिलीच पाहिजे, नाहीतर तंगूस ओवायला जागा उरत नाही. आता पिसाच्या बुडाकडची मऊ लव काढा, बूड धाग्यानं बांधा, पीस गळाभोवती तीन-चार वेढे फिरवा, टोक बांधून कापा. चार गाठी मारा आणि वर नेलपॉलिशचा एक थेंब. ज्या बाईनं कधी काज केलं असेल, टिकली-मणी लावले असतील, तिला दुसरी माशी नीट जमते. पहिली सगळ्यांचीच झुबकेदार होते. तिला फेकू नका, चिलापीला फार सौंदर्यदृष्टी नसते.

गळ तंगूसला बांधताना तंगूस डोळ्यातून ओवा, टोक मुख्य दोराभोवती पाच वेळा गुंडाळा, मग डोळ्याजवळच्या फटीतून बाहेर काढा, थुंकीनं ओलं करा आणि हळूच ओढा. कोरडं ओढलं तर तंगूस तिथेच कमजोर होतं.

आधी अंगणात

शिकवणाऱ्या सखीला माझं सांगणं आहे, की पहिला दिवस तळ्यावर जायचंच नाही. अंगणात किंवा खळ्यावर, गळाच्या जागी नुसती लोकर बांधून सराव करायचा. पंधरा-सोळा फुटांवर परात ठेवा आणि लोकर परातीत पडली पाहिजे असं सांगा. एका वेळी चारजणीच घ्या. दोघींमध्ये दोन काठ्यांचं अंतर ठेवा आणि मागे कुणी उभं नाही ना ते बघा. पोरंसोरं मागूनच येतात.

टाकायचं कसं? लुगडं वाळत घालण्याआधी झटकता ना, तसं. ओलं लुगडं झटकताना तुम्ही ते आधी मागे नेता, ते मागे उलगडेपर्यंत क्षणभर थांबता आणि मग पुढे झटकता. थांबल्याशिवाय झटकलं तर ते गोळा होऊन अंगावर येतं. दोराचंही हेच आहे. अंगठा काठीच्या वरच्या अंगाला ठेवा. शेंडा हळू उचलत जा, मग वेग वाढवा आणि काठी खांद्याच्या किंचित मागे गेली की थांबवा. दोर मागे सरळ होईपर्यंत दम धरा. मग पुढे न्या आणि डोळ्यांच्या उंचीवर पुन्हा थांबवा. दोर पुढे उलगडतो आणि पीस शेवटी, अलगद पडतं.

नवशिक्या बायका दोन ठिकाणी अडतात. एक म्हणजे काठी फार मागे नेतात, की लोकर मागच्या गवतात. दुसरं म्हणजे मागचा दम धरत नाहीत, मग आसूड कडाडल्यासारखा आवाज येतो. गळ बांधलेला असेल तर त्या आवाजाबरोबर माशी तुटून जाते. "जोर लावू का?" असं प्रत्येकजण विचारते. जोर नको. ज्या बायांनी आयुष्यभर जोराचीच कामं केली त्यांना हे पटायला वेळ लागतो. शिकवताना मनगट धरून दोनदा त्यांच्यासोबत काठी हलवली की कळतं, तोंडी सांगून कळत नाही. परातीत दहापैकी पाच वेळा पडायला लागलं की तळ्यावर चला.

तळ्याच्या काठावर

हा भाग कुणी वगळू नये. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ मध्ये आली, तेव्हापासून गावोगाव तळी झाली. त्यातलं मोठं माप ३० बाय ३० मीटर आणि खोली ३ मीटर. त्यावर प्लॅस्टिकचा कागद, कागदावर शेवाळ. त्या उतारावर पाय ठरत नाही. आत पडलेल्या माणसाला, पोहता येत असलं तरी, वर चढता येत नाही. अशा तळ्यांमध्ये गेलेली माणसं आणि लेकरं आपण वर्तमानपत्रात वाचतो, काही आपल्या ओळखीतली असतात.

म्हणून एकटीनं कधीच जायचं नाही. बांधावर पक्की मेख ठोकून तिला गाठी मारलेला दोर बांधा, तो पाण्यापर्यंत सोडलेला असू द्या, चारही बाजूंना असला तर उत्तम. शेजारी हवा भरलेली टायरची ट्यूब, नाहीतर झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन दोर बांधून ठेवा. कुणी पडलं तर मागोमाग उडी मारायची नाही. दोर टाकायचा, ट्यूब टाकायची, ओरडायचं. उभं राहायचं ते बांधाच्या सपाट माथ्यावर, कुंपणाच्या बाहेर राहून टाकता आलं तर तसंच. मासा निसटतोय म्हणून उतारावर पाय ठेवायचा नाही. मासा गेला तर गेला. साडीचा काष्टा मारा किंवा ड्रेस घाला, पदर खोचून घ्या. लेकरं आणायची नाहीत. बांधावरून विजेची तार गेली असेल तर तिथे काठी उचलायचीच नाही, ओला वेळू आणि तार यांची भेट नको. आभाळ गडगडलं की काठ्या खाली ठेवून घरी.

डोळ्यांना चष्मा लावा, साधा दहा-वीस रुपयांचा जत्रेतला चालेल. आणि वारा बघा: उजव्या हातानं टाकणारीच्या डाव्या अंगानं वारा यायला हवा, म्हणजे गळ तिच्यापासून लांब जातो. उलट असेल तर तळ्याच्या दुसऱ्या बाजूला जा.

पाणी वाचायचं कसं

गरम पाण्यातले मासे म्हणजे आपलेच भाईबंद. कटला, रोहू, चिलापी, सगळ्यांना पंचवीस ते तीस-बत्तीस अंश पाणी मानवतं. पण दुपारी वरचं पाणी तापलं की तेही खाली गारव्याला जातात. तेव्हा वर पीस नाचवून काही उपयोग नाही. सूर्य वर आल्यानंतरचा तास-दीड तास आणि संध्याकाळी ऊन कललं की, हे दोन वेळ धरा. वारा ज्या काठाकडे वाहतो तिकडे किडे, पानं, फेस गोळा होतो, मासे तिथेच जेवायला येतात. झाडाची सावली, पाणी पडतं तो कोपरा, हेही बघा. मातीच्या तळ्यात उथळ भागात परातीसारखे गोल खळगे दिसले तर ते चिलापीच्या नरानं केलेले असतात, तिथे हमखास टाका. पिल्लांचा ढग घेऊन फिरणारी मादी दिसली तर तिच्यामागे वेळ घालवू नका, तोंडात लेकरं असेपर्यंत ती खात नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहाटे, उजाडायच्या सुमाराला, तळ्यावर गेलात आणि मासे तोंड वर काढून भुकभुक करताना दिसले, तर नवशिकीला वाटतं, वा, आज भुकेले आहेत. ती भूक नाही, तो गुदमर आहे. दिवसा पाण्यातलं हिरवं शेवाळ प्राणवायू तयार करतं, रात्री मात्र तेच शेवाळ आणि मासे मिळून तो वापरत राहतात. त्यामुळे सूर्य उगवण्याआधी पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. दोन-तीन दिवस ढगाळ गेले, पाणी गडद हिरवं झालंय, तळ्यात मासे दाटीनं आहेत, तर धोका आणखी मोठा. अशा वेळी काठी बाजूला ठेवा आणि मोटर चालू करा. ताजं पाणी उंचावरून पडेल असं सोडा, किंवा तळ्यातलंच पाणी उचलून तळ्यातच फवाऱ्यासारखं पाडा. त्या दिवशी खाद्य टाकू नका. ऊन वर आल्यावर मासे खाली गेले म्हणजे निभावलं. नाही गेले तर मत्स्य विभागाच्या माणसाला लगेच फोन करा. एका पहाटेत पूर्ण तळं उलटं होऊ शकतं. खरं सांगायचं तर, सकाळी गळाच्या निमित्तानं दोघी-तिघी रोज तळ्यावर जाणं हाच मला पिसाच्या गळाचा मोठा फायदा वाटतो. चिलापी किती निघाली यापेक्षा, तळ्याकडे बघणारे डोळे रोज तिथे आहेत.

मासा लागल्यावर

पीस पडलं की मनात चारपर्यंत मोजा. मग शेंडा थोडा उचलून पीस वीतभर सरकवा, थांबा, पुन्हा सरकवा. किडा धडपडतोय असं वाटलं पाहिजे. नजर जोडावरच्या गोंड्यावर ठेवा. तो थबकला, बुडाला, बाजूला सरकला की शेंडा लगेच उचला. कणकेचा गळ मासा चघळत बसतो, पीस मात्र खोटं आहे हे त्याला क्षणात कळतं आणि तो थुंकून टाकतो. म्हणून उशीर नको. पण झटकाही नको, मासा हवेत उडून मागच्या बाईच्या डोक्यात पडतो. झालंय असं, हसून हसून सराव थांबला होता.

मासा कागदावरून घासत ओढू नका, लांब दांड्याच्या हातजाळीत घ्या. हात ओले करून, डोक्याकडून पाठीकडे हात फिरवत धरा म्हणजे पाठीचे काटे मिटतात. उलट धरलात तर चिलापी हात फोडते. शिंघीसारखा काटेवाला मासा आला तर हातच लावू नका, पक्कडीनं गळ काढा. चुकून रोहू-कटल्याचं पिल्लू लागलं तर पाण्याजवळच, ओल्या हातानं, लगेच सोडा. चिलापी मात्र कितीही बारीक असली तरी परत सोडायची नाही. आणि ती ओढ्यात-नदीत तर बिलकुल सोडायची नाही, ती पुढच्या गावाचं दुखणं होईल.

कुठल्या पाण्यात टाकायचं, याबद्दल स्पष्ट बोलते. स्वतःचं किंवा गटाचं शेततळं असेल तर प्रश्न नाही. गावतलाव, मामा तलाव, धरणाचा जलाशय यांचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थेकडे असतो. तिथे ढीवर, भोई समाजाची घरं त्या पाण्यावर चालतात. आपल्याला शिकायचं म्हणून विचारल्याशिवाय तिथे गळ टाकू नये. आधी संस्थेला भेटा. एक-दोन ठिकाणी संस्थेच्या लोकांनीच सांगितलं, चिलापी न्या ताई, तेवढी कमीच होईल. आणि पाणी वाचायला त्या घरांतल्या आजीबाईंपेक्षा चांगली गुरू मिळणार नाही, त्यांना सरावाला बोलवा आणि मानधनाचा ठराव ग्रामसंघात करा.

गटाचं तळं असेल तर पहिल्या दिवसापासून वही ठेवा: तारीख, कोण गेलं, किती मासे, वजन किती, कुणी घरी नेले. मासा छोटा असला तरी भांडण मोठं होतं. घरी खायला नेलेल्या माशाचा हिशेब काय धरायचा, हे गटानं आधी बसून ठरवावं. फुकट द्यायचं तर सगळ्यांना पाळीपाळीनं फुकट. महिन्याभराच्या नोंदी बघितल्या की चिलापीचा आकार कळतो. तो वाढायला लागला तर समजा दाटी कमी होते आहे. वाढला नाही, तर गळाच्या भरवशावर बसू नका. जाळं लावा, किंवा पुढच्या उन्हाळ्यात तळं आटवायचं नियोजन करा.

बोटाएवढी चिलापी विकायला कुणी घेत नाही. ती साफ करून हळद-मीठ-तिखट लावून तव्यावर कडक परतली की बारीक काटे चावून खाता येतात. काट्यासकट खाल्लेल्या माशातून चुना, म्हणजे कॅल्शियम मिळतं, गरोदर सुनेच्या आणि वयात आलेल्या मुलीच्या ताटात ते आधी वाढा. डोकी-आतडी कोंबड्यांना शिजवून घाला. माळकरी सख्यांनी आणि श्रावण पाळणाऱ्यांनी खाऊ नये, पण परातीतला सराव कुठल्याही महिन्यात चालतो.

ज्या ग्रामसंघाला सराव घ्यायचा असेल त्यांनी मासिक बैठकीत ठराव घेऊन प्रभागसंघाच्या कार्यालयात कळवावं. तंगूस, गळ आणि पक्कड मी आणते. वेळू तुमच्याकडचे, वाळवलेले. लोकर जुन्या स्वेटरची चालेल, लालच हवी. आणि पिसं ज्यांच्या घरी कोंबडा असेल त्यांनी आणायची.